झालंच समजा

आमच्या दाजींना सगळा वॉर्ड दाजी म्हणतो, आणि याला जबाबदार मी आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या पहिल्या निवडणुकीत मी भाड्याच्या गाडीत माईक धरून गल्लोगल्ली हिंडत होतो. म्हणायचं होतं, 'आपले लाडके, तडफदार उमेदवार'. पण उन्हानं घसा सुकला होता, डोकं चालेनासं झालं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्या दाजींना मत द्या हो!" लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून शेंबडी पोरंसुद्धा त्यांना दाजी म्हणायला लागली.

त्या एका हाकेनं सगळा वॉर्ड त्यांची सासुरवाडी होऊन बसला. पुढची वीसबावीस वर्षं दाजी वॉर्डात जावयासारखेच वागले. ते येतील तेव्हा आपण उठून उभं राहायचं, ते बसतील तिथे पंखा लावायचा, आणि कामाचा विषय त्यांच्यापुढे काढायचा नाही.

त्यांचा मूळ धंदा खुर्च्या भाड्यानं देण्याचा. खुर्च्या, सतरंज्या, दोन कर्णे आणि एक माईक एवढं भांडवल. राजकारणात ते शिरले तेही या माईकमुळेच. मैदानात सभा होती. तेव्हाचे नगरसेवक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बंगल्यात राहायचे, म्हणून त्यांना सगळे बंगलेवाले म्हणत. बंगलेवाले नेहमीप्रमाणे उशीर करत होते. लोक कंटाळले, उठायला लागले. लोक उठले की खुर्च्या इकडेतिकडे होतात, आणि मग त्या गोळा करता करता खुर्चीवाल्याचा जीव जातो. म्हणून दाजी माईक तपासायच्या निमित्तानं स्टेजवर चढले आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो. मागे आवाज येतोय का?"

मागून लोक ओरडले, "येतोय!"

"आणि वास येतोय का?"

मैदानाच्या कडेनं उघडं गटार वाहत होतं. सगळं मैदान खो खो हसलं. दाजींना चेव चढला. गटार किती वर्षं उघडं आहे, त्यात कुणाकुणाच्या चपला गेल्या, कुणाची सायकल गेली, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की लोक पुन्हा खाली बसले. तेवढ्यात बंगलेवाले आले, गाडीतून उतरले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. पुढची निवडणूक तिथेच संपली होती. दाजी अपक्ष उभे राहिले, शिडी हे चिन्ह मिळालं आणि दणकून निवडून आले. पत्रक अर्थात मी छापलं. माझा छापखाना तेव्हा नवा होता आणि दाजी माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. पत्रकावर वर ठळक ओळ होती: 'घराजवळचा माणूस निवडा.' ती ओळ माझी. नंतर तिचं काय झालं ते येईलच.

निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारचे घड्याळवाले आले. दाजींच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं दुकान आणि दुकानाच्या वर घर. म्हणाले, "दाजी, त्या गटाराचं तेवढं बघा."

दाजी म्हणाले, "झालंच समजा."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गटारात उभे. नगरपालिकेची माणसं काठावर उभी राहून बघत होती, त्यांना लाज वाटली म्हणून तीही उतरली. महिन्याभरात गटारावर फरशा आल्या. त्या फरशा आजही आहेत, आणि मी रोज त्यांच्यावरून चालत छापखान्यात जातो. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की हा माणूस पहिल्यापासूनच तसला होता. नव्हता. पहिल्या वर्षी 'झालंच समजा' म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी होणार असं होतं. पुढे दुसऱ्या दिवसाची सकाळ गळून पडली आणि नुसतं समजायचं तेवढं लोकांकडे राहिलं.

आता ताईचं सांगतो, कारण या सगळ्यात गेलं ते ताईचं.

ताई कपडे शिवते. लग्नात तिनं दागिन्यांऐवजी शिलाई मशीन मागून घेतलं होतं. घराच्या बाहेरच्या खोलीला रस्त्याकडे तोंड करून मोठी खिडकी आहे, तिथे ते मशीन होतं. सकाळी उजेड थेट सुईवर पडायचा. येणाऱ्याजाणाऱ्या बायका खिडकीतूनच ब्लाउजची मापं द्यायच्या, दोन शब्द बोलायच्या, आणि सगळ्या गल्लीच्या बातम्या ताईला बसल्या जागी कळायच्या. दाजी निवडून आले त्या दिवशी त्या खोलीत माणूस मावेना. दाजी म्हणाले, "अगं, चार दिवस मशीन स्वयंपाकघरात ठेव. गर्दी ओसरली की आणू परत."

मशीन स्वयंपाकघरात गेलं, शेगडी आणि मोरीच्या मधल्या कोपऱ्यात. खिडकीपाशी लोकांचे अर्ज ठेवायला एक लोखंडी कपाट आलं. मग काचेचं टेबल आलं, मग दाजींच्याच धंद्यातल्या खुर्च्या ओळीनं लागल्या, आणि दारावर 'संपर्क कार्यालय' अशी पाटी लागली. ती पाटीही मीच करून दिली. ताईच्या मैत्रिणी आल्या तर मागच्या दारानं येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या. ताई स्वतःसुद्धा बाजारातून आली की मागून फिरून यायची, कारण पुढे 'मीटिंग' चालू असायची. मीटिंग म्हणजे दाजी आणि त्यांचे चार टाळकुटे पेपर वाचत बसलेले.

प्रत्येक निवडणुकीच्या आधी ताई एकच विचारायची, "या खेपेला हरलात तर मशीन खिडकीत येईल ना?"

दाजींना हा विनोद वाटायचा. चारचौघांत सांगायचे, "आमची ही आम्हाला पाडायला टपलीय!" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. ताई हसायची नाही, पण ते बघायला कुणाला सवड होती?

दुसऱ्या निवडणुकीला दाजी एका पक्षात गेले. पक्षाचं चिन्ह छत्री. तिसऱ्या खेपेला त्या पक्षाची दोन शकलं झाली, तेव्हा जे शकल जास्त मोठं दिसलं त्यात गेले, चिन्ह कुलूप. चौथ्या खेपेला कुलूपवाल्यांनी तिकीट नाकारलं, तेव्हा लोकशाही धोक्यात असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि ते तिसऱ्याच पक्षात गेले, चिन्ह बादली. मला छपाईत काही त्रास पडला नाही. वचनं तीच होती: दिवे, पाणी, उद्यान, वाचनालय, स्वच्छतागृह. एकही पूर्ण झालं नाही, त्यामुळे मजकूर बदलावा लागला नाही. फोटोसुद्धा पहिल्या निवडणुकीचाच. दर खेपेला शिडी काढून छत्री बसवायची, छत्री काढून कुलूप, आणि कुलूप काढून बादली. एखादा उद्योगी नगरसेवक मेहुणा असता तर मला दर वेळी अक्षरांची नवीन जुळणी करावी लागली असती. दाजींनी मला तो मनस्ताप कधी दिला नाही.

नगरपालिकेत त्यांची कामगिरी काय म्हणाल तर हात वर करणं. ते कुठल्या बाजूनं वर करायचे, हे शेजारच्या खुर्चीवरचा सदस्य सांगायचा. एकदा त्यांना उद्यान समितीचं अध्यक्षपद मिळालं. आमच्या वॉर्डात उद्यान नाही, म्हणून त्याचा अभ्यास करायला ते दुसऱ्या शहरात उद्यान बघायला गेले आणि तिथल्या कारंज्यापुढे उभं राहून फोटो काढून आले. तो फोटो बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या वर लावला. लोक उद्यानाचं विचारायला आले की दाजी त्या फोटोकडे बोट दाखवायचे. लोक फोटो बघायचे आणि निमूट परत जायचे.

वॉर्डात एकच जागा दाजींना खुपायची, ती म्हणजे मैदानापलीकडची गल्ली. तिथे सगळी नोकरीतून निवृत्त झालेली माणसं. त्यांना वेळच वेळ, डोकं शाबूत आणि भीड म्हणून नाही. दाजी गल्लीत पाऊल टाकायचा अवकाश, की कुणीतरी गॅलरीतून विचारणार, "दाजी, दिव्याचं काय झालं?" त्यांत एक माजी हेडबाई होत्या. त्या तर विचारून झाल्यावर उत्तर मिळेपर्यंत चष्म्यावरून बघत राहायच्या. दाजींना त्या गल्लीतून कधी मत मिळालं नाही आणि हेडबाईंसमोर कधी शब्द फुटला नाही.

पाचव्या निवडणुकीआधी वॉर्डांच्या हद्दी नव्यानं आखायचं ठरलं. दाजींना वाटलं, आता सुटका. हद्दीची एक रेषा जराशी सरकवली की निवृत्तांची गल्ली शेजारच्या वॉर्डात. दाजींनी नगरपालिकेतल्या नकाशेवाल्याला गाठलं. तो बिचारा नोकरीला लागल्यापासून दर नगरसेवकाच्या सांगण्यावरून रेषा हलवत आला होता. त्याचं कशाबद्दलच काही मत नव्हतं. तो एका संध्याकाळी नकाशाची गुंडाळी काखेत मारून बाहेरच्या खोलीत आला.

काचेच्या टेबलावर त्यानं नकाशा पसरला. मी पत्रकाच्या कागदाचा नमुना दाखवायला आलो होतो, म्हणून तिथेच होतो. नकाशावर गल्ल्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. मध्ये मैदानाचा चौकोन, त्याच्या एका अंगाला आमची गल्ली, दुसऱ्या अंगाला निवृत्तांची. दोन्ही अगदी सारख्या, लांबीनं आणि वाकडेपणानंसुद्धा.

दाजींनी नकाशाकडे बघितलं आणि भुवया आकसल्या. आयुष्यभर त्यांनी वॉर्ड बघितला तो मैदानातल्या स्टेजवरून. स्टेजवर उभं राहिलं की निवृत्त डाव्या हाताला आणि आपली गल्ली उजव्या हाताला. प्रत्येक भाषणात उजवीकडे हात जोडायचे आणि डावीकडे दुर्लक्ष करायचं, ही त्यांची सवय. नकाशात त्यांना मैदान भलत्याच बाजूनं उघडलेलं दिसलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून फिरवला, स्वतःच्या मनाजोगता करून घेतला आणि लाल पेन्सिल उचलली. मग डाव्या हाताच्या गल्लीवर फुली मारली.

"ही बाहेर."

नकाशेवाला म्हणाला, "साहेब, ही नक्की?"

"अरे, वीस वर्षं वॉर्ड माझ्या तळहातावर आहे. तू मला विचारतोस?"

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. टेबलावर नकाशा असल्यामुळे ट्रे कुठे ठेवावा कळेना, म्हणून ती क्षणभर तशीच उभी राहिली. नकाशाकडे बघून म्हणाली, "अहो, हे बघा जरा..."

"झालंच समजा," दाजी म्हणाले. तिच्याकडे न बघता त्यांनी हातानं ट्रे कपाटावर ठेवायची खूण केली. ताईनं तो ठेवला आणि आत गेली. मला वाटलं, ती चहाचंच काहीतरी बोलत होती.

कच्चा आराखडा जाहीर झाला. लोकांनी हरकती घ्यायच्या, मग त्यांची सुनावणी, असा नियम. दाजींनी सुनावणीच्या अधिकाऱ्याला आधीच गळ घातली होती की या रेषेबद्दल कुणी काही बोललं तर तो राजकीय हेतूनं बोलतोय असं समजावं. सुनावणीच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत दाजी, त्यांच्या शेजारी मी. मागे सात-आठ निवृत्त पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले. त्यांना पाहून दाजी गालातल्या गालात हसत होते.

हरकत घ्यायला उभे राहिले आमच्या शेजारचे घड्याळवाले. म्हणाले, "साहेब, आमची गल्ली नेहमीच्या वॉर्डातून उचलून शेजारच्या वॉर्डात टाकलीय. आमचं सगळं येणंजाणं इकडे. आम्हाला तिकडे का ढकलताय?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला काहीतरी खटकलं असतं. आपला शेजारी 'आमची गल्ली' म्हणतो म्हणजे कुठली गल्ली? पण दाजी त्याच वेळी मान वळवून निवृत्तांकडे बघत होते. त्यांची पक्की खात्री झाली की निवृत्तांनी घड्याळवाल्यांना फितवून आपल्या वतीनं उभं केलंय. ते ताडकन उठले.

"साहेब, ही रेषा अभ्यास करून आखलेली आहे. काही लोकांना विकास बघवत नाही. ही हरकत फेटाळावी, अशी माझी नम्र विनंती आहे."

घड्याळवाले आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले. मागे हेडबाईंनी चष्मा पुसला. अधिकाऱ्यानं हरकत फेटाळली. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. निवृत्तांपैकी दोघांनीही वाजवल्या. दाजींना वाटलं ते उपरोधानं वाजवतायत. मला आता कळतं की ते अगदी मनापासून होतं.

बिंग फुटलं ते माझ्याच छापखान्यात. मतदारांना घरोघरी वाटायच्या चिठ्ठ्या छापत होतो. त्यावर नाव, पत्ता, मतदानाची शाळा. सवयीनं ताईची चिठ्ठी आधी काढून ठेवावी म्हणून शोधायला लागलो. ताई नाही. दाजी नाहीत. घड्याळवाले नाहीत. आमची गल्लीच नाही. आणि निवृत्त मात्र हेडबाईंसकट सगळे हजर. मी यंत्र बंद केलं आणि तसाच शाईच्या हातांनी धावत सुटलो.

दाजी चार टाळकुट्यांबरोबर बसले होते. मी सांगितलं. दाजी हसले. "मेहुणे, छपाईची चूक असेल. तुमच्याकडे होतात अशा."

एवढी वर्षं त्यांची पत्रकं उधारीवर छापून हे ऐकायचं! मी रागानं नकाशेवाल्याला बोलावून आणला. त्यानं पुन्हा नकाशा पसरला. या वेळी दाजींना हात लावू दिला नाही. मैदानावर बोट ठेवलं, मग एका अंगाला सरकवलं. "ही पाण्याची टाकी. टाकीपाशी ही गल्ली. ती बाहेर गेली."

"टाकीपाशी आम्ही राहतो," दाजी म्हणाले.

"हो."

"म्हणजे निवृत्त?"

"आत."

टाळकुट्यांपैकी एकाला अचानक घरचं काम आठवलं, मग दुसऱ्यालाही आठवलं. दाजी त्या लाल फुलीकडे असे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणीतरी ती मारली असावी. मग हळूच म्हणाले, "आता हरकत घेता येईल?"

नकाशेवाला म्हणाला, "मुदत संपली. एक आली होती, ती फेटाळली."

उभं तर राहायलाच हवं होतं. शहराच्या मतदारयादीत कुठेही नाव असलं की कुठल्याही वॉर्डातून उभं राहता येतं, एवढी कायद्याची कृपा होती. आमची गल्ली शेजारच्या वॉर्डात गेली होती, आणि तिथे दाजींच्याच पक्षानं आधीच दुसऱ्याला तिकीट दिलेलं. तेव्हा दाजी जुन्या वॉर्डातूनच उभे राहिले, पण आता त्यात त्यांची हक्काची गल्ली नव्हती. समोर होता कोपऱ्यावरचा औषधवाला, पहिल्यांदाच उभा राहिलेला. त्याचं पत्रक आलं आणि मी वाचून थिजलो. वर ठळक ओळ: 'घराजवळचा माणूस निवडा.' खाली लिहिलं होतं, 'आपला उमेदवार आपल्याच वॉर्डात राहतो का, हे विचारा.' माझी ओळ चोरली याचं वाईट वाटलं, आणि इतकी वाईट छापली याचं त्याहून जास्त. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

दाजींना निवृत्तांच्या गल्लीत मतं मागायला जावं लागलं. मी बरोबर होतो आणि शक्य तितका मागे चालत होतो. हेडबाईंनी बसायला दिलं, पाणी दिलं, चष्म्यावरून बघितलं.

"आम्हाला वॉर्डाबाहेर काढायला निघाला होतात म्हणे?"

"छे छे! बाई, तुम्ही तर वॉर्डाचा आत्मा."

"मग आत्म्याच्या गल्लीत दिवा कधी लागणार?"

दाजींच्या तोंडातून सवयीनं निघालं, "झालंच समजा."

गॅलऱ्यांमध्ये उभे असलेले सगळे निवृत्त हसले. कुणीही कुचकट हसलं नाही. नातवाचा जुनाच विनोद पुन्हा ऐकल्यावर हसतात, तसं हसले. दाजींचा चेहरा उतरला तो तिथे. शिव्या त्यांनी पुष्कळ खाल्ल्या होत्या, त्या अंगाला लागत नव्हत्या. मला त्यांची दया आली, आणि रागही आला, कारण याच माणसाला मी गटारात उतरलेलं पाहिलं होतं.

मतदानाच्या दिवशी दाजी आणि ताई मत द्यायला शेजारच्या वॉर्डाच्या शाळेत गेले. गर्दीत कुणी दाजींना ओळखलं नाही. ते रांगेत उभे राहिले, आत गेले, आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आले ते गोंधळून. म्हणाले, "कुणाला द्यायचं तेच कळेना. एकाचंही काम माहीत नाही. नुसती नावं आणि चिन्हं."

ताई म्हणाली, "आम्हाला इतकी वर्षं असंच व्हायचं."

दाजी पडले. औषधवाला जितक्या मतांनी जिंकला, तितकी तर आमच्या अर्ध्या गल्लीत निघाली असती. मतमोजणीच्या हॉलबाहेर औषधवाल्याच्या लोकांनी गुलाल उधळला, त्यातला थोडा वाऱ्यानं दाजींच्या खांद्यावर येऊन बसला. तो त्यांनी झटकला नाही. मी त्यांना मागच्या रस्त्यानं घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहायला गेलो. बाहेरच्या खोलीत खुर्च्या ओळीनं लागलेल्या आणि त्यांच्यासमोर काचेच्या टेबलामागे दाजी एकटे. कडक इस्त्रीचे कपडे घालून, पेन खिशाला लावून. दार सताड उघडं होतं. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यातल्या एखाद्यानं आत डोकावून हात केला, पण पायरी कुणी चढलं नाही. चार टाळकुट्यांपैकी एकही नाही. ते औषधाच्या दुकानात बसायला लागले, असं घड्याळवाल्यांनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं. हरकत फेटाळल्याचा राग त्यांच्या मनात होताच, आता त्यांचा आनंद लपत नव्हता.

मी आत स्वयंपाकघरात गेलो. ताई शेगडीपाशी उभी होती. मी खालच्या आवाजात म्हणालो, "ताई, एक विचारू? त्या दिवशी चहा आणलास तेव्हा तू काय सांगत होतीस?"

"नकाशा उलटा धरलाय, हे," ती म्हणाली.

"तुला कळलं होतं?"

"अरे, मी माणसांची मापं घेते. उलट आणि सुलट मला कळत नाही होय?"

"मग पुन्हा सांगायचं ना! सुनावणी झाली, महिना गेला..."

ताईनं शेगडी बंद केली. सावकाश, बोलू की नको असं करत ती म्हणाली, "सांगणार होते. रात्री झोपताना सांगणार होते. मग डोळ्यांपुढे ती खिडकी आली." तिनं मशीनकडे हात केला. वर पिवळा दिवा, दिवसाढवळ्या लावलेला. "या उजेडात मला आता सुई ओवता येत नाही. चार महिने झाले, शेजारणीची मुलगी ओवून देते. नकाशाचं एकदा सांगायला गेले होते त्यांना. दुसऱ्यांदा नाही सांगितलं. तुला राग आला असेल तर येऊ दे."

राग यायला हवा होता. माझं एवढं मोठं गिऱ्हाईक बुडालं होतं. पण मला राग आला तो माझाच. इतकी वर्षं या घरात मी मागच्या दारानं आत आलो, या मशीनला वळसा घालून पुढे गेलो, आणि पुढे जाऊन पत्रकावर छापलं, 'घराघरात प्रकाश'.

ताईनं पदर खोचला आणि बाहेर गेली. मीटिंग चालू असल्यासारखे दाजी बसले होते त्या पुढच्या खोलीत. तिनं ओळीतली पहिली खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग दुसरी. दाजी बघत होते. लोखंडी कपाटापाशी ती थांबली. दार उघडलं. आत वरपासून खालपर्यंत अर्ज दाबून बसवलेले, वीसबावीस वर्षांचे, काही पिवळे पडलेले.

"हे कपाट इथून हलवायचंय," ती म्हणाली. "मशीन यायचंय."

दाजींनी पेन खिशातून काढलं, परत लावलं. दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "झालंच समजा."

"समजायचं नाही," ताई म्हणाली. "उठा. हे टोक मी धरते, ते तुम्ही धरा."

मी मदतीला पुढे सरकलो तर ताईनं मला नजरेनंच जागच्या जागी थांबवलं. दाजी टेबलामागून उठले. खाली वाकले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि कपाटाचं टोक धरलं.